ताईपट्टी

मोठा नकाशा लहान कागदावर बसवायचं काम बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. कॉम्प्युटरवर प्रिंटची खिडकी उघडली की तिच्यात एक बारीकसा चौकोन असतो आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, फिट टू पेपर. त्यावर टिचकी मारली की घर, अंगण, जिना, संडास, सगळं गपकन आकसतं आणि कागदात मावतं. बघणारा म्हणतो, वा, झालं की काम. काम झालेलं नसतं, बिघडलेलं असतं. पण हे कळायला नकाशे काढण्यात आयुष्य घालवावं लागतं, आणि तेवढा वेळ हल्ली आहे कुणाकडे?

मीना शिरसाठने घातला होता. गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर एका आर्किटेक्टचं ऑफिस होतं, तिथे ती बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होती. बाई असली तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. ते बदलायचं कुणाला सुचलं नाही आणि तिनेही कधी वाद घातला नाही. आधी बोर्डावर पेन्सिलने, मग कॉम्प्युटरवर. अर्ध्या नाशकातल्या बंगल्यांच्या मोऱ्या तिच्या हातच्या होत्या म्हणा ना. मान दुखायची, उजवं मनगट दुखायचं, आणि इमारतीची लिफ्ट दिवाळीपासून बंद असल्यामुळे गुडघेही त्या दोघांना सामील झाले होते.

ऑफिस ज्यांचं होतं ते मोठे सर वर्षभर घरीच होते. आता त्यांची मुलगी निकिता सगळं बघायची. मुलगी वाईट नव्हती हो. हुशार होती, मीनाला ताई म्हणायची, स्वतःचा चहा स्वतः करायची. पण तिला घाई असे. बापाचं ऑफिस बुडू द्यायचं नाही म्हणून ती इतकी धावत होती की तिच्याकडे बघूनच मीनाला दम लागायचा. आल्या आल्या तिने मोठे नकाशे छापणारा जुना प्लॉटर काढून टाकला आणि टेबलावर मावेल असा ए-थ्रीचा प्रिंटर आणला. झेरॉक्सचे दोन नेहमीचे कागद कडेला कड लावून ठेवले की जेवढं होतं, तेवढा हा कागद. याहून मोठा नकाशा हवा असेल तर शरणपूर रोडच्या दुकानातून आणायचा, आणि तो दुकानदार आज दिलेला नकाशा उद्या दुपारनंतर देणार.

मंगळवारी घोळ झाला तो यातूनच.

काम देवळाली कॅम्पचं होतं. सुभेदार चंदर आहेर म्हणून गृहस्थ होते, मूळचे सटाण्याकडचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची बायको कमळाबाई दोन वर्षांपूर्वी गच्चीवरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली. तेव्हापासून चाकाची खुर्ची. भाड्याच्या घरात तिला न्हाणीघरात न्यायचं तर सुभेदार तिला उचलून न्यायचे, रोज, सकाळ-संध्याकाळ, आणि सुभेदारांचं वय आता साठीच्या पुढे गेलेलं. म्हणून हे घर. पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितलं होतं, "मला हॉल किती मोठा वगैरे काही नको. तिला माझी वाट न बघता मोरीत जाता आलं पाहिजे. बस."

मीनाने ते मनावर घेतलं होतं. जमिनीत पाणी साचतं म्हणून जोतं दोन फूट उंच घ्यावं लागलं, तर खुर्चीसाठी चोवीस फूट लांब उतार काढला, हात न दुखता चढवता येईल असा. न्हाणीघराचं दार तीन फुटांचं. आत धरायला दांडे, ते कमळाबाईंच्या हाताची उंची विचारून. उतार आणि न्हाणीघर, दोन्हींचा मिळून एक वेगळा नकाशा केला, १:२० मापाचा. म्हणजे जागेवरचे वीस फूट कागदावर एक फूट. तो बसत होता ए-टूवर, प्रिंटरच्या कागदाच्या दुपटीवर.

आणि मंगळवारी संध्याकाळी साइटवरून निरोप आला की घराच्या भिंती मोठ्या नकाशावरून उठल्या आहेत, आता न्हाणीघराची मधली भिंत आणि उतार एवढंच राहिलंय, सकाळी कागद हवा, माणसं बसून राहतील.

"दोन कागदांवर देते," मीना म्हणाली. "एकावर उतार, एकावर न्हाणीघर. माप तसंच राहील. तासाभराचं काम आहे."

"ताई, दोन कशाला?" निकिता फोन खांद्याने कानाशी धरून म्हणाली. "एकातच फिट करा ना. आकडे लिहिलेलेच आहेत सगळे. मला आत्ता निघायचंय, जाता जाता देऊन टाकते."

मीनाने घड्याळाकडे बघितलं. साडेपाच. घरी, सिडकोत, सासू मालनबाई डोळ्याचं ऑपरेशन होऊन पडलेली. सात वाजता तिच्या डोळ्यात थेंब घालायचे होते, आणि ते मीनाशिवाय दुसऱ्या कुणी घातलेले म्हातारीला चालत नव्हते. सव्वासहाची बस चुकली की पुढचीत उभं राहायचं. सांगायला कारणं अशी पुष्कळ आहेत, पण खरं एकच, की ती दमली होती. आजच्या दिवसाने नाही, एकूणच. तिने त्या चौकोनावर टिचकी मारली.

नकाशा आकसला. शंभराचा सत्तर झाला. कोपऱ्यात मात्र लिहिलेलं तसंच राहिलं, माप १:२०. ते आता धडधडीत खोटं होतं आणि मीनाला ते दिसत होतं.

तिला आणखीही एक गोष्ट माहीत होती. या कामावर मिस्त्री होता बारकू गावित.

बारकू पेठकडचा. भाताची कापणी झाली की तिकडची माणसं मजुरीला खाली येतात, तसा तो पोरवयात नाशकात आला, घमेली उचलता उचलता थापी धरायला शिकला आणि पुढे मिस्त्री झाला. भिंत नुसती डोळ्याने बघून ओळंब्यात आहे की नाही सांगायचा. फुटा-इंचात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण लिहिलेले आकडे त्याला लागत नसत, आणि मिलिमीटरचे तर नाहीच नाही. नकाशावर सगळे आकडे मिलिमीटरचे. पंधरा वर्षांपूर्वी इंदिरानगरच्या एका कामावर त्याने मीनाला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ताई, ही भिंत किती फुटांची, बोटानं दाखवा ना." बाकीच्यांसमोर विचारायची त्याला लाज वाटली होती.

मीनाने त्या दिवशी घरी जाऊन एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापला, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद. त्याच्या एका कडेवर अख्ख्या घराच्या मोठ्या नकाशाच्या मापाने फुटांच्या रेघा ओढल्या, दुसऱ्या कडेवर बारकाव्यांच्या नकाशाच्या, म्हणजे १:२० च्या मापाने. दर पाच फुटांना लाल रेघ. वरून सेलोटेप. मागच्या बाजूला सोनेरी गणपती अर्धा राहिला होता, तो तसाच ठेवला. ही पट्टी नकाशावर ठेवायची, रेघा मोजायच्या, झालं. बारकू तिला ताईपट्टी म्हणायचा. जुनी झाली की नवी मागून घ्यायचा, आणि ताईपट्टीने बांधलेलं एकही घर पंधरा वर्षांत बोटभर चुकलं नव्हतं.

आता कागद आकसला होता आणि पट्टी होती तेवढीच.

नवी पट्टी करायला हवी, हे मीनाच्या लक्षात आलं नाही असं कुणी म्हणू नये. आलं. तिने ड्रॉवरमधून पुठ्ठासुद्धा काढला, कात्रीने कापला. रेघा ओढायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात निकिता बॅग घेऊन दारात उभी राहिली, "झालं का, ताई?" आणि मीनाने कागद तिच्या हातात दिला. म्हणाली स्वतःशी, उद्या सकाळी करून पाठवू. पुठ्ठा ड्रॉवरमध्ये सरकवला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं दुसरंच काम उपटलं आणि ती पार विसरली. विसरणं खरंच होतं. माणूस दमलं की आधी नेमकं तेच विसरतं जे विसरून चालणार नसतं.

पट्टीने मोजून न्हाणीघराचं दार सव्वादोन फुटांहून जरा कमी निघालं तर कुठल्याही मिस्त्रीला संशय यायचं कारण नाही. नाशकात निम्म्या घरांत तेवढंच असतं. उताराचं मात्र बारकूला खटकलं. जोतं दोन फूट, ते त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. पट्टीने उतार सतरा फुटांचा निघत होता. त्याने बांधायला घेण्याआधी मीनाला फोन केला.

मीना बसमध्ये उभी होती. सिटीलिंकची बस त्र्यंबक नाक्याला खच्चून भरली होती, एका हाताने दांडा, एका हाताने पिशवी, फोन मान आणि खांद्याच्या मध्ये.

"ताई, उतार लय उभा वाटतोय," बारकू म्हणाला. "खुर्ची चढंल का नाय, मला शंका हाय. तुमी एकदा बघून सांगता का?"

"कागदात आहे तसं करा, बारकूभाऊ," मीना म्हणाली.

"बघितलं ना तुमी?"

"हो हो. कागदाप्रमाणे करा."

तिने काही बघितलं नव्हतं. बसमध्ये काय बघणार? ती उतरून, परत तीन मजले चढून, कॉम्प्युटर चालू करून बघायला हवं होतं, किंवा निदान म्हणायला हवं होतं की उद्या सांगते. तिला वाटलं, आपणच काढलेला उतार आहे, चोवीस फुटांचा, उभा कसा असेल? हा बारकू उगाच शंका काढतो. आणि तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी सुभेदारांचा फोन आला. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. "तुम्ही दोघी येऊन बघा," एवढंच म्हणाले, आणि ते इतक्या शांतपणे म्हणाले की निकिताने लगेच गाडी काढली.

साइटवर सुभेदार उभे होते, बारकू उभा होता आणि भाड्याच्या घरातून आणलेल्या कमळाबाई खुर्चीत बसलेल्या होत्या. नवं नऊवारी नेसून आल्या होत्या. आपलं घर बघायला आल्या होत्या त्या, पहिल्यांदा.

सुभेदारांनी खुर्ची उतारावर घेतली. अर्ध्यापर्यंत गेले. मग पाय घसरायला लागले, मानेच्या शिरा वर आल्या आणि खुर्ची मागे यायला लागली. बारकूने धावत जाऊन मागून खांदा लावला. दोघांनी मिळून ती कशीबशी वर घातली. पुढे घरात, खोलीतून न्हाणीघराच्या दाराशी. तिथे खुर्ची चौकटीत शिरली आणि दोन्ही बाजूंनी गच्च बसली. एका इंचाने. बोटाच्या एका पेराने, म्हणा.

मीनाला आकडा आत्ताच कळला, सव्वादोनला थोडं कमी. तिनाचे सत्तर टक्के. तिला कागद बघायचीही गरज नव्हती. तरी तिने भिंतीवर खिळ्याला लावलेला तो कागद बघितला. घाम आणि सिमेंटने मळलेला, आणि कोपऱ्यात निर्लज्जपणे लिहिलेलं, माप १:२०.

"मिस्त्री, दार तीन फुटांचं लिहिलंय," निकिता कागदावर बोट ठेवत म्हणाली. "हे काय, नऊशे चौदा. वाचलं नाही का तुम्ही?"

बारकू कागदाकडे वाकून बघायला लागला.

"कागदावरून मोजायचं नसतं. खाली स्पष्ट सूचना आहे तशी."

सुभेदारांनी चष्मा लावला आणि कागद खिळ्यावरून काढून, हातभर लांब धरून बघितला. "कुठे?"

"ही काय, खाली."

"हे अक्षर आहे होय? मला वाटलं कागदाची किनार आहे." त्यांनी चष्मा काढला. "आणि इंग्रजीत आहे. मिस्त्रीला इंग्रजी येतं का, मॅडम?"

"पण आकडे तर—"

"आरे, पहिले माले बाहेर काढा," कमळाबाई चौकटीतून म्हणाल्या. "मंग भांडा निवांत."

तेव्हा सगळ्यांना भान आलं. ज्या बाईसाठी हे घर, ती चौकटीत अडकून बसली होती आणि हे सगळे तिच्या डोक्यावरून वाद घालत होते. बारकूच पुढे झाला. त्याने वाकून पुढची चाकं अलगद उचलली, मीनाने मागून धरलं आणि खुर्ची खरवडत बाहेर आली. चौकटीला दोन पांढरे ओरखडे उठले. कमळाबाईंनी चाकावर ठेवलेली बोटं चोळली आणि त्या दाराकडे बघत राहिल्या. "दार धाकलं शे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. पुन्हा रोज उचलून न्यावं लागणार, हे त्यांनी गृहीत धरून टाकलं होतं, आणि तेच मीनाला ऐकवेना.

सुभेदार कागदाची घडी घालत होते. "मी अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढली," ते म्हणाले. "गोळा भलतीकडे पडला तर आमच्यात तोफेला कुणी बोल लावत नाही. तोफ डागणाऱ्यालाही आधी विचारत नाहीत. आधी विचारतात, आकडा कुणी दिला? नकाशा बघून आकडा देणारा माणूस वेगळा असतो. तर मला सांगा, इथे आकडा कुणी दिला?"

निकिता मीनाकडे बघत नव्हती, आणि तिचंही बरोबर होतं, पोरीला आपलं ऑफिस दिसत होतं, बापाचं नाव दिसत होतं.

बारकूने खिशातून ताईपट्टी काढली. ती तळहातावर धरली, उलटी केली, सुलटी केली. सोनेरी गणपती पुसट झाला होता. पुठ्ठा पाण्याने आकसला असेल का, असं तो बघत होता हे मीनाला कळलं आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तो म्हणाला, "मीच मोजलं, साहेब. माझी चूक हाय."

फोनचं त्याने नाव काढलं नाही.

"मग मला दुसरा मिस्त्री बघावा लागेल," सुभेदार म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण हिच्या बाबतीत मी दुसऱ्यांदा चूक होऊ देणार नाही. आणि जो विचारील त्याला मला खरं कारण सांगावं लागेल."

कॅम्पात निवृत्त फौजी सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे एकाने सांगितलं की आकडे न वाचता बांधतो, की बारकूला तिथलं पुढचं काम मिळायचं नाही, आणि भगूर, नाशिकरोडपर्यंत ही गोष्ट जाईल. पंधरा वर्षं बोटभर न चुकलेल्या माणसाचं नाव एका कागदावरून जाणार होतं. मीनाला फक्त गप्प राहायचं होतं. आणखी पाच मिनिटं मूग गिळून बसली असती तर सगळे आपापल्या वाटेने गेले असते. एक्कावन्न वर्षांच्या ड्राफ्ट्समन बाईला नव्या ऑफिसात कुणी उभं करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागी हजार जण गप्प राहिले असते, आणि त्यांना नावं ठेवायला मी तरी जाणार नाही.

बारकू पट्टी परत खिशात ठेवायला लागला. खिसा शिवलेल्या जागी उसवला होता आणि पट्टी आत जाईना. तो घाईने ती आत कोंबत होता, सगळ्यांच्या नजरेआड व्हावी म्हणून.

"आकडा मी दिला," मीना म्हणाली.

तिचा आवाज इतका दमलेला होता की सुभेदारांना परत विचारावं लागलं. मग तिने सगळंच सांगितलं. हा नकाशा मोठ्या कागदाचा होता. तो लहान कागदावर मी आकसून बसवला. माप खोटं झालं, ते मला दिसत होतं. मिस्त्री माझ्या पट्टीने मोजतात, ही पट्टी मीच केलेली आहे, आणि नवी पट्टी करायची म्हणून मी पुठ्ठा कापला होता. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

"आणि उतार बांधायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता," ती म्हणाली. "उभा वाटतो म्हणून. बघून सांगा म्हणाले. मी न बघता सांगितलं, करा म्हणून."

सुभेदार बारकूकडे वळले. "फोन केला होतास?"

बारकूने होकाराची मान हलवली.

"मग मघाशी बोलला का नाहीस?"

"ताई बघितलं म्हनल्या," बारकू म्हणाला. "त्यांनी बघितलं आन बरोबर हाय म्हनल्या, तर मग चूक माझ्याच मोजण्यात आसनार. दुसरी कुठं आसनार?"

एवढंच म्हणाला तो. मीनाला यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. तो तिला पाठीशी घालत नव्हता. तिच्यावर त्याचा विश्वास होता, नुसता, सरळ, आणि तो स्वतःच्या हातावरच्या विश्वासापेक्षा मोठा होता.

सुभेदारांनी घडी घातलेला कागद मीनाच्या हातात दिला. म्हणाले, "मिस्त्री राहील. कागद बदला." आणि कमळाबाईंची खुर्ची वळवून ते त्यांना घर दाखवायला घेऊन गेले, स्वयंपाकघर, खिडकी, बाहेरचं आंब्याचं रोप. खर्च कुणी सोसायचा ते निकिताने आपणहून सांगितलं, ऑफिस सोसेल. गाडीकडे जाताना ती मीनाला म्हणाली, "फिट करा म्हणून मी सांगितलं होतं, ताई. ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"टिचकी मी मारली," मीना म्हणाली. आणि खरं तर तिला आता यावर बोलायचंच नव्हतं, गाडीत बसून डोळे मिटायचे होते.

पण बारकू तिच्या मागे आला होता. त्याने ताईपट्टी तिच्यापुढे धरली.

"ही ठेवा तुमच्यापाशी."

"नवी करून देते, बारकूभाऊ. आजच्या आज."

"नको." तो रागावला होता. पंधरा वर्षांत मीनाने त्याला रागावलेला बघितला नव्हता, म्हणून तिला ते आधी कळलंच नाही. "माझ्या टेपला दोन बाजू हायेत, ताई. एकीकडं फूट, एकीकडं हे तुमचं मिलिमीटर. पंधरा वर्सं टेप हातात हाय. तुमची पट्टी हाय म्हनून ती दुसरी बाजू मी कदी बघितलीच नाय. आता बघीन. आकडे दहाच तर आसतात. नाय समजलं तर इचारीन तुमाला." तो थांबला. "पन मी इचारलं तर बघून सांगा."

मीनाने पट्टी घेतली. तिने पर्समध्ये ठेवली आणि गाडीत बसली. परत येताना द्वारका चौकातल्या सिग्नलवर निकिताने पाण्याची बाटली पुढे केली, ती मीनाने घेतली.

सोमवारी तिने नकाशा नव्याने लावला. दोन कागद, ए-थ्रीचे, एकावर उतार, एकावर न्हाणीघर, माप खरं. आकडे दुप्पट मोठे केले. सूचना मराठीत लिहिली. निकिताने बघितलं आणि सही केली. कामाला किती वेळ लागला म्हणता? पाऊण तास. मीनाने मुद्दाम घड्याळ लावून बघितलं होतं, आणि ते बघायला नको होतं असं तिला नंतर वाटलं.

मग आठवडा गेला. दार रुंद करायला भिंत फोडायची होती, नवी चौकट यायची होती. एका संध्याकाळी मीना तीन मजले उतरून खाली आली, पिशवी सावरली, सव्वासहाची बस कोपऱ्यावर दिसायला लागली, आणि फोन वाजला.

"ताई, दाराचा आकडा नऊशे चौदा हाय का नऊशे चवऱ्याण्णव?" बारकू विचारत होता. मागे कुणीतरी छिन्नीने भिंत ठोकत होतं. "कागदावर पानी पडलं, मधला आकडा पसरलाय. मी टेप लावून उभा हाय."

नऊशे चौदा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मीनाने सांगितलं असतं. तीन फूट म्हणजे नऊशे चौदा, यात बघायचं काय? बस जवळ येत होती. मालनबाईंचे थेंब सातला होते. गुडघे आत्ताच उतरताना कुरकुरले होते आणि लिफ्ट अजून बंदच होती, तिला काय धाड भरली होती कुणास ठाऊक. आणि खात्री? खात्री तिला होती. तेव्हा बसमध्येसुद्धा होतीच की.

बस थांबली, माणसं चढली, बस निघून गेली.

"थांबा, बारकूभाऊ," मीना म्हणाली. "बघून सांगते."

"थांबतो," बारकू म्हणाला.

तिने फोन चालूच ठेवला, कठड्याला धरलं आणि जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यावर तिला दम लागला, दुसऱ्यावर ती क्षणभर बसली, आणि फोनमधून छिन्नीचा आवाज बंद झालेला तिला ऐकू आला. तिथली माणसंही काम थांबवून उभी होती.